मुके झालेले मेघदूत

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

कालिदासाचे ‘मेघदूत’ आपणां मराठी वाचकांना परके नाही. चिंतामणराव देशमुख, कुसुमाग्रज, बा. भ. बोरकर, शांता शेळके यांनी ते मराठीत आणले. यक्ष ज्या रामगिरीवर शापाचे वर्ष कंठीत होता, तो नागपूरजवळचा आपला रामटेकच, असे वा. वि. मिराशी यांच्यासारख्या संशोधकांनी साधार मांडले आहे. परंतु याच काव्यावर एका इंग्रज संगीतकाराने मोठ्या वाद्यवृंदासाठी व समूहगायनासाठी रचना केली होती. ती लंडनमध्ये १९१३ साली सादर झाली, पडली, आणि पुढे पाऊणशे वर्षे जवळजवळ मुकीच राहिली, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

या संगीतकाराचे नाव गुस्ताव होल्स्ट (१८७४–१९३४). पोटासाठी तो वाद्यवृंदांत ट्रॉम्बोन नावाचे पितळी वाद्य वाजवी. पुढे तो मुलींच्या शाळेत संगीतशिक्षक झाला आणि १९०७ पासून लंडनच्या मॉर्ले कॉलेजात, दिवसभर राबून संध्याकाळी शिकायला येणाऱ्या स्त्री-पुरुषांनाही शिकवू लागला. पंचविशीच्या सुमारास भारतीय वाङ्मयाने त्याला झपाटले. उपलब्ध इंग्रजी भाषांतरे त्याला गाण्याजोगी वाटेनात, तेव्हा हा गृहस्थ युनिव्हर्सिटी कॉलेजात जाऊन चक्क संस्कृत शिकू लागला! त्यातून ऋग्वेदातील सूक्तांवरची समूहगीते झाली, ‘सावित्री’ हा छोटा ऑपेरा झाला, आणि १९१० च्या सुमारास ‘द क्लाउड मेसेंजर’ म्हणजे ‘मेघदूत’ झाले. त्याची इंग्रजी शब्दरचनाही होल्स्टचीच.

४ मार्च १९१३ रोजी क्वीन्स हॉलमध्ये या कृतीचा पहिला प्रयोग झाला. तो रंगला नाही. होल्स्टच्या मनाला हे अपयश फार लागले. मित्रांनी त्याला हवापालटासाठी स्पेनला नेले. तेथे ज्योतिषाच्या गप्पा निघाल्या आणि त्यातूनच पुढे ‘द प्लॅनेट्स’ ही ग्रहांवरची रचना जन्मली. ती जगभर गाजली. होल्स्टने स्वतः तिचे ध्वनिमुद्रण दोनदा केले. ग्रह तेजाने तळपत राहिले, मेघ मात्र कागदावरच थिजला.

येथे एक प्रश्न उभा राहतो. एखादी कादंबरी पडली तरी ती ग्रंथालयाच्या फळीवर असते. कोणीही, केव्हाही धूळ झटकून ती वाचू शकतो. संगीताचे तसे का होत नाही? याचे उत्तर त्या संगीताच्या रचनेतच आहे. आपल्याकडे एक गवई, एक तबलजी आणि एक पेटीवाला बसला की मैफल उभी राहते. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ऐंशी-शंभर वादक असतात. समूहगायनात शे-दीडशे गळे असतात. त्यांचे वेगवेगळे गट वेगवेगळी स्वरपंक्ती गातात वा वाजवतात आणि त्या सर्वांच्या एकत्र नादातून कृती उभी राहते. प्रत्येकाच्या समोर त्याच्या वाट्याचा कागद हवा, तालमी हव्यात, सभागृह हवे, पैसा हवा. एवढा खर्च करून पडलेली कृती पुन्हा कोण लावणार? साहजिकच आयोजक नावाजलेलेच कार्यक्रम लावतात. पहिला प्रयोग फसला की दुसरा मिळत नाही, आणि दुसरा न मिळाल्याने कृती वाईटच होती असा समज पक्का होतो.

हे चक्र ध्वनिमुद्रणाने मोडले. मात्र त्यालाही काळ लागला. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर चारेक मिनिटांचेच संगीत मावे. १९४८ साली लाँगप्ले तबकडी आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत बसू लागले. १९८२ साली सीडी आली, तेव्हा ते सलग तासाभराच्या वर गेले. दरम्यान प्रसिद्ध कृतींच्या तबकड्यांचा ढीग साचला होता. त्याच त्या कृती पुन्हा मुद्रित करण्यापेक्षा न ऐकलेले काही द्यावे, असे काही कंपन्यांना वाटू लागले. इंग्लंडची चँडोस आणि १९८७ साली हाँगकाँगमध्ये निघालेली नॅक्सॉस यांनी या कामी मोठा वाटा उचलला. चँडोसने १९९० मध्ये रिचर्ड हिकॉक्स यांच्या संचालनाखाली लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राकडून होल्स्टचे ‘मेघदूत’ प्रथमच ध्वनिमुद्रित करविले. २०२० मध्ये लहान वाद्यसंचासाठी केलेल्या त्याच्या रूपांतराचेही मुद्रण आले.

मी ते मोबाईलवर ऐकले. राग नाही, तबला नाही, शब्द इंग्रजी. पहिल्यांदा काहीच हाती लागले नाही. मग ‘पूर्वमेघ’ आणि ‘उत्तरमेघ’ शेजारी उघडे ठेवून पुन्हा ऐकले. यक्षाचा निरोप जिथे एकाच स्त्रीकंठात येतो, तिथे एवढा मोठा समूह मागे सरतो आणि विरह एकट्याचाच असतो हे स्वरांतून कळते. काही भाग लांबलेले वाटले, हेही खरे. पण हे माझे मला ठरवता आले, ते ध्वनिमुद्रणामुळे. १९१३ च्या एका संध्याकाळचा निकाल मला मान्य करावा लागला नाही.

कधी कधी विस्मृतीचे कारण कलेत नसून समाजात असते. फ्लॉरेन्स प्राइस ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय संगीतकार. तिची पहिली सिंफनी १९३३ मध्ये शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने वाजविली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी अमेरिकेतील प्रमुख वाद्यवृंदाने वाजविण्याचा तो पहिलाच प्रसंग. पण १९५३ मध्ये ती वारली आणि तिचे संगीत मागे पडले. २००९ मध्ये इलिनॉय राज्यातील एका पडक्या, ओसाड घरात तिच्या हस्तलिखितांची बाडे सापडली. त्यांतील चौथ्या सिंफनीचे ध्वनिमुद्रण नॅक्सॉसने २०१९ मध्ये काढले. छप्पर आणखी गळले असते तर?

हे वाचताना मला माझी आजी आठवते. आमच्या घरात कॉलेजात येणारी मी पहिलीच. आजीला अक्षरओळख नाही, पण जात्यावरच्या ओव्या तिला किती येतात याची गणती नाही. होल्स्टचे आणि प्राइसचे संगीत कागदावर उतरले होते, म्हणून ते थांबू शकले. ओवीला स्वरलिपी नाही. गाणारी गेली की चालही गेली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० नंतर खेडोपाडी हिंडून लाखावर ओव्या जमविल्या, तेवढ्या वाचल्या. उरलेल्यांचे काय?

तेव्हा उपेक्षित संगीताचा शोध ही केवळ लंडन-शिकागोच्या रसिकांची हौस नव्हे. काय ऐकले जावे, हे एका संध्याकाळच्या टाळ्यांवर किंवा गाणारीच्या जातीवर, वर्णावर, अक्षरओळखीवर ठरू नये, असा त्याचा आग्रह आहे. आपल्या प्रत्येकाच्या खिशात आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. या दिवाळीच्या सुट्टीत गावी गेल्यावर मी ते आजीपुढे ठेवणार आहे. आपणही ठेवावे.