विश्लेषण : घरी जकूझी बसवताय? एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला कोण वाचवणार?

लोणावळा, कर्जत, अलिबाग, इगतपुरी या भागांत भाड्याने मिळणाऱ्या बंगल्यांच्या जाहिरातींत जलतरण तलावाच्या जोडीला आता ‘जकूझी’ हा शब्द हमखास असतो. शहरांतही स्वतंत्र बंगल्यांच्या अंगणात, गच्चीवर किंवा मोठ्या बाथरूममध्ये असे टब बसवले जात आहेत. टब कुठल्या कंपनीचा, किती जणांचा, दिवे कोणत्या रंगाचे यावर भरपूर चर्चा होते. वायरिंगचा विषय मात्र बहुतेक वेळा ‘गिझरचा पॉइंट आहेच, त्यावरून घेऊ’ या एका वाक्यात संपतो. धोका नेमका तिथेच सुरू होतो.

हॉट टब गिझरपेक्षा वेगळा कसा?

गिझरमध्ये पाणी आधी तापते, मग नळातून बाहेर येते आणि काळजी घेणारी माणसे त्याआधी स्विच बंद करतात. हॉट टबमध्ये माणूस पाण्यात बसलेला असतानाच हीटर, पंप आणि हवेचे बुडबुडे सोडणारा ब्लोअर सुरू असतो. तेही अर्धा-पाऊण तास.

विजेचा भारही मोठा असतो. चार-पाच जणांच्या टबात साधारण ३ किलोवॅटचा हीटर, प्रत्येकी १.१ किलोवॅटचे दोन पंप आणि ०.७ किलोवॅटचा ब्लोअर धरला तर एकूण भार जवळपास ६ किलोवॅट होतो. २३० व्होल्टवर हा प्रवाह सुमारे २६ अँपिअर. घरातला २ किलोवॅटचा गिझर ९ अँपिअरच्या आत असतो. म्हणजे एका टबासाठी जवळपास तीन गिझरइतकी वीज लागते.

गिझरच्या लाइनवर टब चालवला तर काय होईल?

गिझरसाठी अनेक घरांत २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार असते. मीटरपासून टबापर्यंतचे अंतर ३० मीटर असेल, तर जाऊन-येऊन ६० मीटर तार होते. तिचा रोध सुमारे अर्धा ओहम. त्यातून २६ अँपिअर प्रवाह वाहिला की ३०० वॅटहून अधिक उष्णता भिंतीतल्या पाइपात, तारेवरच तयार होते. टबापर्यंत पोहोचताना १२ व्होल्टही कमी होतात.

अशा लाइनवरचा १६ किंवा २० अँपिअरचा एमसीबी वारंवार पडतो. मग कोणीतरी तो काढून ३२ अँपिअरचा बसवतो. टब सुरू राहतो, पण तारेचे संरक्षण संपते. प्लास्टिकचे आवरण हळूहळू कडक होते, तडकते आणि एक दिवस भिंतीतून जळका वास येतो. त्यामुळे पहिला नियम : टबासाठी मेन बोर्डपासून स्वतंत्र लाइन हवी. वरील उदाहरणात ती किमान ६ चौरस मिलिमीटर तांब्याची आणि अंतर किंवा तापमान जास्त असेल तर त्याहून जाड असावी. मंजूर भार कमी पडत असेल तर महावितरणकडे वाढीव भारासाठी आधी अर्ज करावा.

एमसीबी असताना धक्का कसा बसू शकतो?

सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर आहे. एमसीबीचे काम तारेला अतिभार आणि शॉर्टसर्किटपासून वाचवण्याचे आहे. ३२ अँपिअरचा एमसीबी ३२ अँपिअरपर्यंतचा प्रवाह बिनतक्रार वाहू देतो. माणसाच्या जिवाला मात्र यातला अगदी छोटा अंश पुरेसा असतो.

ओल्या शरीराचा रोध ढोबळमानाने १,००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलिअँपिअर, म्हणजे पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह वाहील. एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह नगण्य असला तरी हृदयाची लय बिघडवायला तो पुरेसा आहे. त्याहून खूप कमी प्रवाहातही स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी केलेल्या प्रयोगांत ही मर्यादा पुरुषांसाठी सरासरी १६, तर स्त्रियांसाठी साडेदहा मिलिअँपिअरच्या आसपास आढळली. पाण्यात बसलेल्या माणसाचे हातपाय आखडले तर धक्क्याच्या जोडीला बुडण्याचाही धोका असतो.

मग माणसाला वाचवते ते उपकरण कोणते?

आरसीसीबी. फेजमधून गेलेला सगळा प्रवाह न्यूट्रलमधून परत यायला हवा, एवढ्या साध्या हिशेबावर हे उपकरण चालते. दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा प्रवाह समान असेल तर कडे शांत राहते. थोडा प्रवाह पाण्यातून, शरीरातून किंवा धातूच्या पत्र्यातून जमिनीत गेला की हिशेब चुकतो आणि उपकरण पुरवठा तोडते. डॅलझिएल यांनीच १९६१ मध्ये याच तत्त्वावरचे उपकरण विकसित केले. पाण्याखालच्या दिव्यांसाठी ते अमेरिकेच्या विद्युत संहितेत १९६८ मध्ये सक्तीचे झाले.

आपल्याकडे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत घरगुती जोडणीसाठी गळतीची कमाल मर्यादा ३० मिलिअँपिअर आहे. प्रमाणित आरसीसीबीने तेवढ्या गळतीला ०.३ सेकंदात आणि पाचपट गळतीला ०.०४ सेकंदात पुरवठा तोडणे अपेक्षित असते. बाजारात १०० आणि ३०० मिलिअँपिअरचे आरसीसीबीही मिळतात, पण ते टबासाठी उपयोगाचे नाहीत. टबात इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर असल्याने ‘एसी’ प्रकाराऐवजी ‘ए’ प्रकारचा आरसीसीबी घेणे योग्य. आरसीसीबी अतिभार ओळखत नाही, म्हणून सोबत एमसीबी हवाच. दोन्ही कामे एकत्र करणारे उपकरण आरसीबीओ या नावाने मिळते.

अर्थिंग चांगले असेल तर आरसीसीबी कशाला?

‘आमचा अर्थिंगचा खड्डा पक्का आहे’ हे उत्तर नेहमी ऐकू येते. हिशेब करून पाहू. खड्ड्याचा रोध ५ ओहम आहे, म्हणजे चांगला आहे. हीटरचा फेज टबाच्या धातूच्या भागाला चिकटला, तर खड्ड्यातून जास्तीत जास्त २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. ३२ अँपिअरच्या एमसीबीसाठी हा दीडपटीहूनही कमी भार आहे. तो बंद व्हायला तासभरही लागू शकतो. तोवर टबाचे धातूचे भाग विजेने भारलेले राहतील.

सह्याद्रीतील कातळ आणि कोकणातील जांभा यात ५ ओहम मिळवणे आणखी कठीण. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की रोध वाढतो. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत लोखंडी पट्टी गंजते. समजा रोध ५० ओहमवर गेला, तर फक्त ४.६ अँपिअर वाहतील आणि एमसीबी कधीच पडणार नाही. आरसीसीबीसाठी मात्र ही गळती मर्यादेच्या दीडशे पट आहे. तो क्षणात पडेल.

याचा अर्थ अर्थिंग नको असा नाही. अर्थिंग असेल तर बिघाड होताच, माणसाने हात लावण्यापूर्वीच गळती सुरू होते आणि आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर गळतीचा पहिला मार्ग माणसाचे शरीर ठरते. म्हणून दोन्ही हवेत. अर्थिंगची तार न्यूट्रलला जोडून काम भागवण्याची पद्धत तर जीवघेणी आहे. न्यूट्रल तुटला की टबाचे सगळे धातूचे भाग थेट फेजवर येतात. नळाच्या पाइपला अर्थ जोडण्याची जुनी युक्तीही आता निरुपयोगी आहे, कारण पाइप प्लास्टिकचे झाले आहेत.

बाँडिंग म्हणजे काय?

विजेच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याला धक्का बसत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच व्होल्टवर असतात. टबाभोवतीही तेच साधायचे असते. पंपाची बॉडी, हीटरचे आवरण, स्टीलची शिडी, कठडा, धातूचे पाइप, शक्य असेल तिथे खालच्या काँक्रीटमधील सळ्या, हे सगळे तांब्याच्या तारेने एकमेकांना आणि अर्थला जोडले जातात. त्यामुळे बिघाडाच्या क्षणी एक हात कठड्यावर आणि पाय पाण्यात असला, तरी दोन्हींमध्ये व्होल्टचा मोठा फरक राहत नाही. सळ्या जोडायच्या असतील तर ते काम काँक्रीट ओतण्यापूर्वीच करावे लागते. म्हणूनच वायरमनला टब आल्यावर न बोलावता आराखड्याच्या वेळीच बोलवावे.

स्विच, प्लग आणि दिवे किती दूर हवेत?

आंतरराष्ट्रीय आयईसी नियमांत पाण्याभोवतीची जागा क्षेत्रांत विभागली आहे. टबाच्या आतला भाग हे शून्य क्षेत्र. तिथे फक्त १२ व्होल्टपर्यंतचे दिवे चालतात आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर बाहेर लांब ठेवावा लागतो. जलतरण तलावासाठी काठापासून २ मीटरपर्यंत पहिले आणि त्यापुढे दीड मीटरपर्यंत दुसरे क्षेत्र असते. बाथरूममधील टबासाठी काठाबाहेरचे ०.६ मीटर हे दुसरे क्षेत्र. उघड्यावरच्या टबासाठी तलावाचे अंतर पाळणे अधिक सुरक्षित.

टबाजवळ स्वतंत्र आयसोलेटर स्विच हवा. तो टबापाशी उभे राहून दिसावा, पण पाण्यात बसलेल्याचा हात तिथे पोहोचता कामा नये. मावळ आणि कोकणातल्या पावसात उघड्यावरचा बोर्ड साध्या लाकडी पेटीत टिकत नाही. आयपी ६५ दर्जाची बंद पेटी आणि तारेच्या प्रवेशाशी घट्ट ग्लँड आवश्यक आहेत. ऑनलाइन मिळणाऱ्या फुगवायच्या टबालाही सूट नाही. तो १६ अँपिअरच्या, आरसीसीबीमागच्या प्लगवरच लावावा. एक्स्टेन्शन बोर्डवर कधीच नाही.

परदेशातून आणलेला टब चालतो का?

आधी त्यावरची पाटी वाचावी. अमेरिकी टब बहुधा ६० हर्ट्‌झचे आणि चार तारांचे असतात : १२० व्होल्टच्या दोन फेज, न्यूट्रल आणि अर्थ. त्यांचे काही भाग २४० व्होल्टवर, तर काही १२० वर चालतात. आपल्याकडे ५० हर्ट्‌झ आणि फेज-न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात. चुकीची जोडणी झाली तर १२० व्होल्टचे भाग जळतात. जोडणी जुळवली तरी साधे पंप सुमारे १७ टक्के मंद फिरतात. त्यामुळे ५० हर्ट्‌झसाठी बनवलेलाच टब घेणे शहाणपणाचे.

आरसीसीबी सारखा पडतो म्हणून काढून टाकला तर?

ही सर्वात धोकादायक आणि सर्वात सामान्य ‘दुरुस्ती’ आहे. आरसीसीबी विनाकारण पडत नाही. बोअरवेलच्या कठीण पाण्याने हीटरवर क्षार साचतात, आवरणाला चीर जाते आणि गळती सुरू होते. पेटीत पावसाचे पाणी शिरलेले असते. किंवा टबाचा न्यूट्रल इन्व्हर्टरच्या अथवा दुसऱ्या खोलीच्या न्यूट्रलमध्ये मिसळलेला असतो, त्यामुळे परत येणाऱ्या प्रवाहाचा हिशेब जुळत नाही. पहिल्या दोन बाबतींत तो जीव वाचवत असतो, तिसऱ्या बाबतीत वायरिंगमधली चूक दाखवत असतो. बायपास केल्याने यातला एकही दोष जात नाही, फक्त इशारा बंद होतो.

काम पूर्ण झाल्यावर काय तपासावे?

नियमांनुसार हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायला हवे. पैसे देण्यापूर्वी त्याच्याकडून चार आकडे लेखी घ्यावेत : अर्थिंगचा रोध, ५०० व्होल्टच्या मेगरने मोजलेला तारांचा इन्सुलेशन रोध (किमान १ मेगओहम), आरसीसीबी किती मिलिअँपिअरला पडला आणि किती वेळात पडला.

त्यानंतर महिन्यातून एकदा आरसीसीबीचे ‘टेस्ट’ बटण दाबावे. खटका पडला नाही तर टब वापरू नये. मात्र हे बटण अर्थिंग नसतानाही काम करते, त्यामुळे अर्थिंगची मोजणी वेगळी करावी. ती उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना केलेली उत्तम.

भाड्याच्या बंगल्यात काय पाहावे?

टबात उतरण्यापूर्वी बोर्ड उघडून ‘टेस्ट’ बटण असलेला खटका आहे का ते पाहावे आणि बंगल्याच्या माणसाला तो दाबून दाखवायला सांगावे. बटण नसेल, खटका पडत नसेल किंवा उघड्या तारा दिसत असतील तर मुलांना टबात सोडू नये. कठड्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, तर पुन्हा हात लावून खात्री करू नये. वीज कडाडत असतानाही पाण्याबाहेर राहावे.

कोणाला धक्का बसलाच तर त्याला ओढायला पाण्यात उडी मारू नये. आधी मेन स्विच बंद करावा, मग त्याला बाहेर काढावे, १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी आणि श्वास थांबला असेल तर सीपीआर सुरू करावा. म्हणून मेन स्विच कुठे आहे, हे टबात उतरण्याआधी घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.