विम्बल्डनवरील पहिली भारतीय विजेती : लीला राव

भारतीय महिलांच्या क्रीडा-इतिहासात १९३४ सालच्या विम्बल्डन स्पर्धेला विशेष स्थान आहे. त्या वर्षी मुंबईच्या लीला राव यांनी महिला एकेरीच्या पहिल्या फेरीत ग्लॅडिस साउथवेल यांचा पराभव केला. विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला होत. दुसऱ्या फेरीत फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफ यांच्याकडून त्या पराभूत झाल्या. तथापि पहिल्या विजयाचे मोल त्यामुळे उणावत नाही.

हा विजय सहजासहजी मिळालेला नव्हता. महिलांच्या सामन्यात तीनपैकी दोन सेट जिंकावे लागतात. लीला राव यांनी पहिला सेट ४-६ असा गमावला होता. दुसरा गमावला असता तर सामनाच संपला असता. सेट जिंकण्यासाठी किमान सहा गेम आणि प्रतिस्पर्ध्यावर दोन गेमची आघाडी आवश्यक असते. टायब्रेकची पद्धत विम्बल्डनमध्ये १९७१ साली आली. तत्पूर्वी ही आघाडी मिळेपर्यंत सेट चालूच राही. तो दुसरा सेट अठरा गेम चालला व लीला राव यांनी १०-८ असा जिंकला. तिसरा सेट त्यांनी ६-२ असा घेतला.

घराण्याचा वारसा

लीला राव यांचा जन्म १९११ साली मुंबईत झाला. वडील राघवेंद्र राव हे डॉक्टर, तर आई पंडिता क्षमाबाई राव या ‘सत्याग्रहगीता’ लिहिणाऱ्या संस्कृत कवयित्री. आजोबा शंकर पांडुरंग पंडित यांचे नाव अथर्ववेदाच्या व तुकोबांच्या गाथेच्या संपादनाशी निगडित आहे. विशेष म्हणजे क्षमाबाई स्वतः टेनिस खेळत. ग्रंथ आणि रॅकेट या दोहोंना त्या घरात सारखाच मान होता. टेनिस प्रामुख्याने जिमखान्यांपुरते मर्यादित असलेल्या त्या काळात मुलीला अशी मुभा मिळणे ही असामान्य गोष्ट होती. तिचा लीला राव यांनी पुरेपूर उपयोग केला. अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी महिला एकेरीचे विजेतेपद अनेकदा पटकावले.

क्रीडांगणाबाहेर

१९४३ साली सनदी अधिकारी हरीश्वर दयाळ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढील काळात त्यांनी भारतीय नृत्यकलेवर ग्रंथलेखन केले आणि आईच्या कथांना संस्कृत नाट्यरूप दिले. खेळामुळे विद्याभ्यास मागे पडतो, या समजुतीला त्यांच्या जीवनाने परस्पर उत्तर दिले आहे.

लीला राव यांच्या विजयानंतर सात दशकांनी, २००५ साली, सानिया मिर्झा यांनी विम्बल्डनमध्ये एकेरीचा सामना जिंकला, तेव्हा या जुन्या विजयाचे स्मरण होणे स्वाभाविक होते. लीला राव यांना संधी मिळाली ती घरातून. ज्या मुलीला घरातून ती मिळत नाही, तिच्यासाठी गावातील शाळेचे मैदान हेच एक दार उरते. ते मैदान मोकळे राखणे व तेथे मुलींना त्यांचा हक्काचा खेळाचा तास मिळवून देणे, हे शिक्षक आणि ग्रामपंचायत यांच्या हाती आहे.