आवडता पदार्थ? "पिझ्झा!"

मराठी माणसाला आवडत्या पदार्थाबद्दल विचारा. तो आधी आईच्या हातच्या पुरणपोळीवर येईल, तिथून कटाच्या आमटीवर, आणि मग "हल्ली तसं पुरण कुणाला जमत नाही हो" इथपर्यंत पोचेल. अर्धा तास सहज जातो. तोच प्रश्न इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत आला की मात्र उत्तर येतं, "माय फेव्हरिट फूड इज पिझ्झा." का बरं? "बिकॉज इट इज टेस्टी." पुढे? पुढे काही नाही. खेळ खलास!

गेली काही वर्षं नव्याने आलेल्या मंडळींची बोलण्याची तयारी रविवारी सकाळी आमच्या बैठकीच्या खोलीत चालते. आम्ही दोघं आळीपाळीने परीक्षक होतो. चहा अर्थातच आमच्याकडे. नर्सिंगला आलेल्या मुली असतात, लग्न होऊन आलेल्या असतात, शिवाय फोनवर पुण्या-नाशिकचे भाचे-पुतणे. त्यामुळे हा पिझ्झा आम्ही इतक्या वेळा खाल्ला आहे की आता जळजळायला लागलं आहे.

ज्यांच्यावर या परीक्षांची वेळ आली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. (आम्ही मास्टर्सला आलो तेव्हा टोफेलमध्ये बोलणं नव्हतंच, ते २००५ मध्ये आलं. तेवढ्यापुरते आम्ही सुटलो.) आयईएल्टीएस ही परीक्षा १९८९ पासूनची. तिचा बोलण्याचा भाग ११ ते १४ मिनिटांचा. सुरुवातीला घर, गाव, खाणंपिणं अशा ओळखीच्या गोष्टींवर चार-पाच मिनिटं प्रश्न. मग हातात एक कार्ड देतात, विचार करायला एक मिनिट, आणि त्यावर एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं. शेवटी त्याच विषयाला धरून चर्चा. लोक पूर्वीपेक्षा बाहेर जास्त का खातात, अशा थाटाची. गुण चार गोष्टींना, सारखेच : बोलण्याचा ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार.

या यादीत पदार्थाला गुण नाहीत, हे आम्ही प्रत्येकाला पहिल्याच रविवारी सांगतो. तुम्हाला कारल्याची भाजी आवडते म्हणून कुणी अर्धा गुण कापत नाही. परीक्षकाला तो पदार्थ माहीत नसेल तर उलट चांगलंच, सांगायला काहीतरी उरतं! पण आपल्या लोकांना वाटतं, गोऱ्या माणसाला थालीपीठ काय कळणार, त्यापेक्षा पिझ्झा बरा. आणि पिझ्झ्याबद्दल आपल्याला सांगण्यासारखं काय आहे? तो फोन करून मागवतात, एवढंच. काही जण क्लासमधून छापील उत्तर पाठ करून येतात. ते तर परीक्षकाला दुसऱ्या वाक्यालाच ओळखू येतं. त्या लोकांना तेच शिकवलेलं असतं.

थालीपीठाचं बघा. भाजणीसाठी काय काय भाजतात, ते दळतात कसं, मग कांदा-कोथिंबीर घालून भिजवलं, तव्यावर थापलं, मधे बोटाने भोक पाडलं. भोक कशाला? तेल खालपर्यंत जावं म्हणून. एवढं सांगताना आधी, मग, त्यानंतर, म्हणून, नाहीतर, सगळं आपोआप येतं. कर्मणी प्रयोगसुद्धा येतो, जो व्याकरणाच्या पुस्तकातून आणायला गेलं तर महिना लागतो.

अडचणी नाहीत असं नाही. 'हॉट' म्हटलं तर गरम की तिखट ते कळत नाही; म्हणून तिखटाला 'स्पायसी' म्हणा, वाद मिटतो. 'आय अ‍ॅम लायकिंग' हे तर आपलं राष्ट्रीय दुखणं आहे. 'खमंग'ला इंग्रजीत शब्द नाही, आम्ही बरीच वर्षं शोधतो आहोत. भाजल्याचा वास, कुरकुरीतपणा असं तुकड्यातुकड्यांनी सांगावं लागतं. आणि फोडणीला पाकपुस्तकवाले 'टेम्परिंग' म्हणतात. आम्ही पेशाने इंजिनिअर, हा शब्द ऐकला की आम्हाला पोलादच दिसतं. आधी लालभडक तापवून तेलात विझवायचं, मग ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापवायचं, त्याला टेम्परिंग म्हणतात. वरणावर फोडणी ओतताना जे चुर्र होतं ते त्यातल्या विझवण्याशी जास्त जुळतं. असो. परीक्षेत मात्र 'गरम तेलात मोहरी आणि हिंग घालतो' एवढं सरळ सांगितलेलं उत्तम.

मागे सोलापूरकडची एक मुलगी येत असे. बारावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे लग्न. इंग्रजीतून पदवी असली की या परीक्षेतून सूट मिळते, हिच्याकडे ती नव्हती. नवरा-बायकोच्या व्हिसाला बोलण्या-ऐकण्याची परीक्षा २०१० च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, ती अगदी प्राथमिक पातळीची. २०१३ च्या ऑक्टोबरपासून कायमच्या वास्तव्यासाठी बी-वन पातळी आली. म्हणजे पाच वर्षं इथे संसार केला, मुलाला इथल्या शाळेत घातलं, तरी या खोलीतून पास होऊन बाहेर पडावंच लागतं. नापास झालं तर पुन्हा फी, पुन्हा तारीख. आणि व्हिसाची मुदत काही आपल्यासाठी थांबत नाही. मुलगी रडकुंडीला आली होती.

तिने घेतली होती ट्रिनिटीची ग्रेड फाइव्ह. दहा मिनिटांची परीक्षा. हिच्यात एक गंमत आहे : एक विषय उमेदवाराने स्वतः निवडून न्यायचा असतो आणि परीक्षक त्यावर गप्पा मारतो. नंतर परीक्षकाच्या पसंतीचे दोन विषय. तिने लिहून आणलं होतं, 'पास्ता'. आमच्या हिने विचारलं, "अगं, शेवटचा कधी केलास?" तर म्हणे, "वहिनी, एकदाच केला, तोही चिकट झाला." मग आवडतं काय? तर शेंगाचटणी! झालं, विषय ठरला.

शेंगदाणे भाजायचे, लसूण, तिखट, मीठ, जिरं घालून उखळात कुटायचे, तेल सुटेपर्यंत. 'कुटणे'ला इंग्रजीत 'पाउंड' म्हणतात हे सांगितल्यावर ती खो-खो हसली. इतकी वर्षं पाउंड मोजले, कुटले कधीच नव्हते! त्यानंतर तो शब्द तिला शिकवावा लागला नाही. पाच रविवार आम्ही तिला आडवेतिडवे प्रश्न विचारले. मिक्सर का नको? प्रवासात कशाबरोबर खाता? दरवेळी उत्तर वेगळं यायला हवं, पाठ केलेलं चालणार नाही, एवढीच अट.

परीक्षक बाईंनी म्हणे तिला विचारलं, हीच चव इथे येते का? ती म्हणाली, नाही, इथे उखळ नाही, मिक्सरमध्ये नुसता भुगा होतो. मग बाईंनी आपण होऊन विचारलं की ही फ्रिजशिवाय किती दिवस टिकते, आणि त्यावर ती कडक भाकरीवर गेली. वेळ संपल्याचं बाईंनाच सांगावं लागलं.

पास झाली. सासूबाई सोलापूरहून आल्या तेव्हा येताना उखळच घेऊन आल्या, सामानाच्या वजनाची पर्वा न करता. पहिली बरणी आमच्याकडे पोचली. चार दिवसांत संपली.