दोन कोटींत एक भाग

सोलापूर जिल्ह्यातील नान्नज हे गाव द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहे. 'सोनाका' ही लांबट मण्यांची जात याच गावच्या नानासाहेब काळे यांनी निवड पद्धतीने शोधून काढली. आमच्या महाविद्यालयात अशा द्राक्षगावांतून पुष्कळ विद्यार्थी येतात. त्यांपैकी एकाने तासाला विचारले, "सर, २०१० साली युरोपात गेलेली आपली द्राक्षं अडकून पडली, असं वडील सांगतात. तसलीच द्राक्षं घरी सगळ्यांनी खाल्ली, कुणाला काही झालं नाही. मग तिकडच्यांना त्यांत दिसलं तरी काय?"

प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्याचे उत्तर पाहू.

त्या वर्षी द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या द्रव्याचे अंश सापडले. शेतकरी त्याला 'सीसीसी' म्हणतात. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ रोखून घडांचे डोळे तयार व्हावेत म्हणून ते फवारीत असत. वेलीच्या अंगात मुरलेले हे द्रव्य पुढच्या हंगामाच्या फळातही उतरू शकते. युरोपात द्राक्षांसाठी त्याची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजेच दोन कोटी भागांत एक भाग! बारा टन द्राक्षांत मिळून अवघे ६०० मिलिग्रॅम, जेमतेम चिमूटभर मिठाएवढे.

इतके थोडे द्रव्य ओळखतात कसे? त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर हे उपकरण वापरतात. विद्युतभारित रेणू विद्युतक्षेत्रातून सोडले की त्यांची हालचाल वस्तुमानावर अवलंबून राहते. क्षेत्राची योग्य जुळणी केली, तर ठरावीक वस्तुमानाचेच रेणू पार जातात, बाकीचे वाटेतच गळतात. क्लोरमेक्वाटच्या भारित कणात कार्बनचे ५, हायड्रोजनचे १३, नायट्रोजनचा १ आणि क्लोरीनचा १ अणू असतो. बेरीज करा : ६० + १३ + १४ + ३५ = १२२. पण निसर्गात क्लोरीनचे ३५ व ३७ असे दोन समस्थानिक साधारण तीनास एक या प्रमाणात असतात. म्हणून १२२ जवळ एक आणि १२४ जवळ तिच्या सुमारे तृतीयांश अशी दुसरी खूण मिळते. त्यावरून क्लोरीन असल्याचे कळते. पुढे कण फोडून त्याचे तुकडेही जुळले, की ओळख पक्की होते.

आता ही बातमी नान्नजसारख्या गावापर्यंत पोहोचते कशी? युरोपातील देशांनी १९७९ मध्ये 'रॅसफ' नावाची इशारा-यंत्रणा सुरू केली. एका देशाला अन्नात दोष आढळला, की तो ब्रुसेल्सला कळवतो. गंभीर इशारा ४८ तासांच्या आत द्यावा लागतो. तो सर्व सभासद देशांना जातो, तसाच माल जेथून आला त्या देशालाही. जगभरासाठी जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटना यांचे 'इन्फोसॅन' हे जाळे २००४ पासून काम करते.

आपल्याकडेही तयारी झाली होती. २००३ मध्ये नेदरलँड्सला भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश आढळले, तेव्हा निर्यातीच्या द्राक्षांची नियमित तपासणी सुरू झाली. पुढे २००६ मध्ये 'अपेडा' या सरकारी संस्थेने 'ग्रेपनेट' उभारले. प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक, नमुन्याची प्रयोगशाळेत तपासणी आणि मालावर सांकेतिक पट्टी. त्यामुळे रॉटरडॅममधील पेटीवरून थेट बाग सापडते. नमुना नापास झाला, तर देशातल्या देशातच इशारा निघतो. या सर्वांवर पुण्याजवळच्या मांजरीतील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची देखरेख असते.

मग २०१० मध्ये चूक कोठे झाली? क्लोरमेक्वाट तपासणीच्या यादीतच नव्हते! शिवाय हे द्रव्य मुळातच भारित असल्याने ते पाण्यात रमते. इतर कीटकनाशके ज्या द्रावकाने ओढून घेतात, त्यात ते नीट उतरत नाही. त्यासाठी वेगळी पद्धत लागते. उपकरण कितीही सूक्ष्म असो, जे शोधायचे ठरवले असेल तेच ते दाखवते. इशारा आल्यानंतर हे द्रव्य यादीत घातले गेले.

आता विद्यार्थ्याच्या शंकेकडे वळू. मर्यादा ओलांडली म्हणजे विषबाधा झालीच, असे नव्हे. युरोपात हेच द्रव्य गव्हावर वापरतात आणि तेथे मर्यादा कितीतरी अधिक आहे. द्राक्षांवर त्याच्या वापराला परवानगीच नसल्याने, मोजता येईल इतकी कमीत कमी मर्यादा ठेवली होती. वर्षभर राबलेल्या शेतकऱ्याला ही गोष्ट जाचक वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच इशारा झटपट मिळणे जितके महत्त्वाचे, तितकेच परक्या देशातील नियम वेळेवर बागेपर्यंत पोहोचणेही महत्त्वाचे. तो फवारणीआधी कळला तर पीक वाचते. माल बंदरात पोहोचल्यावर कळला तर हंगाम जातो.

जाता जाता एक उदाहरण. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडून जाते, पण हे द्रव्य मागे राहते असे माना. द्राक्षांत ते किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम असेल, तर बेदाण्यात किती? आणि मग बेदाण्याला द्राक्षाचीच मर्यादा लावणे योग्य होईल का? वर्गात चर्चा करा.