वजनाच्या ऑपरेशननंतरचे पहिले दोन महिने : काय खावे, कसे खावे

वजन कमी करण्याचे ऑपरेशन ही पूर्वी मोठ्या माणसांची गोष्ट वाटायची. २०११ साली नितीन गडकरी यांनी ते करून घेतले तेव्हा पेपरात बातम्या आल्या. २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांना विमानाने मुंबईत आणले आणि सैफी रुग्णालयात त्यांचे ऑपरेशन झाले, तेव्हा तर टीव्हीवर दुसरे काही नव्हते. आता हे ऑपरेशन आपल्या गल्लीपर्यंत आले आहे. जे. जे. सारख्या सरकारी रुग्णालयातही ते होते. २०१९ मध्ये विमा नियामकाने नियम केल्यापासून ठरावीक अटींत बसणाऱ्या रुग्णाला विम्यातूनही खर्च मिळू शकतो. मुलगा कंपनीत लागतो, आईचे नाव त्याच्या विम्यात येते आणि साखर व गुडघ्यांनी बेजार झालेली आई ऑपरेशन करून कोपरीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत परत येते. अशी घरे आम्हाला आता फेरीत भेटतात.

डिस्चार्ज कार्डासोबत आहाराचा कागद मिळतो. बहुतेक वेळा तो इंग्रजीत असतो आणि त्यात ब्रोकोली, टोफू असले काहीबाही लिहिलेले असते. आपली बाई सगळ्यांचे झाल्यावर, ओट्यापाशी उभी राहून, पाच मिनिटांत जेवण उरकते, हे तो कागद लिहिणाऱ्याला ठाऊक नसते. या ऑपरेशननंतर ती सवय चालणार नाही. म्हणून हे पान पेशंटइतकेच तिच्या सासूबाईंनी, नवऱ्याने आणि मुलांनीही वाचावे.

आत काय झाले आहे ते आधी समजून घेऊ. स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी नळी उरते. बायपासमध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती आतड्याला पुढे जोडतात. पोटावर बाहेरून चार-पाच बारीक छिद्रे दिसतात, त्यामुळे घरच्यांना वाटते, एवढीशी तर जखम आहे. पण आत लांब शिवण असते आणि ती सुजलेली असते. ती नीट भरायला काही आठवडे लागतात. पातळापासून घट्टापर्यंत पायरीपायरीने जायचे ते एवढ्यासाठी. वजन लवकर उतरावे म्हणून केलेला तो उपास नव्हे.

पहिले एक-दोन दिवस फक्त गाळलेले पातळ पदार्थ देतात. त्यानंतर साधारण दोन आठवडे ताक, साय काढलेले दूध, गाळलेले सूप, पातळ घोटलेले वरण. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मिक्सरमधून काढलेले : डाळ, दही, कुस्करलेले अंडे. पाचव्या-सहाव्या आठवड्यात मऊ पदार्थ, म्हणजे उकडलेले अंडे, काटे काढलेला मासा, पनीर, मऊ डाळ-खिचडी. भाकरी त्यानंतर, तीही वरणात कुस्करून. पोळी, पाव आणि मोकळा भात यांचा गोळा होऊन अडकतो, म्हणून त्यांना सगळ्यात शेवटी हात लावावा. तुमच्या सर्जनने वेगळे आठवडे लिहून दिले असतील तर त्यांचेच ऐका, कारण आत काय शिवले आहे ते त्यांनी पाहिलेले असते.

आता मुख्य गोष्ट. आजारी माणसाला पेज आणि वरणाचे वरचे पाणी द्यायचे ही आपली जुनी रीत आहे. तापात ती चालते. इथे ती घात करते. वरच्या पाण्यात चव असते, प्रथिने नावालाच असतात. पेजेत तर जवळजवळ पिठूळपणाच असतो. या रुग्णाला दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिने लागतात. ती मिळाली नाहीत तर चरबीबरोबर मांसही झडते, जखम रेंगाळते, उठता-बसता अंगात त्राण राहत नाही. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळणे पुष्कळांना होते. त्यातले बरेच परत येतात, पण प्रथिने कमी पडली तर गळती वाढते.

हिशेब असा मांडावा. एका अंड्यात ६ ग्रॅम प्रथिने. मोठा कप दुधात ६ ते ७. घट्ट वरणाच्या वाटीत तेवढीच. ५० ग्रॅम पनीरमध्ये सुमारे ९, तेवढ्याच शिजलेल्या मासळीत १० च्या आसपास. पहिल्या दोन आठवड्यांत एवढे पोटात मावतच नाही, म्हणून डॉक्टर प्रोटीन पावडर देतात. ती महाग असते. पण तेवढे दिवस तरी ती टाळू नका. एक स्वस्त युक्ती म्हणजे साय काढलेल्या दुधाची साधी पावडर. तिचा एक मोठा चमचा दुधात मिसळला की ३ ग्रॅमच्या आसपास भर पडते. वाटीत काहीही असो, आधी अंडे-मासा-डाळ खायची, मग जागा उरली तर भात. सुका बोंबील, सुकट घरात असतेच. त्यात प्रथिने भरपूर, पण मीठ आणि काटेही भरपूर. दोन महिने तरी थांबा.

खायचे कसे? बसून. लहान चमच्याने. एक घास वीस-पंचवीस वेळा चावून आणि पुढच्या घासाआधी चमचा खाली ठेवून. अर्धी वाटी संपवायला वीस मिनिटे लागली पाहिजेत. छातीच्या मध्ये दाटल्यासारखे वाटले, उचकी आली, नाकातून पाणी आले की थांबायचे. ताटात दोन घास उरले तरी उरू द्या. “एवढेसेच? अजून घे की गं,” असा मायेचा आग्रह आम्ही घरोघरी ऐकतो. त्या दोन घासांची किंमत ओकारीत मोजावी लागते. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे-थोडे खायचे असल्याने तिची पहिली वाटी सकाळच्या डब्यांच्या गडबडीआधी व्हायला हवी, मागाहून नव्हे.

पाणी जेवणासोबत प्यायचे नाही. जेवल्यानंतर अर्धा तास थांबून घोट-घोट. दिवसाला दीड ते दोन लिटर झाले पाहिजे आणि हे जेवणापेक्षा अवघड जाते. अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या सकाळी उकळून गार केलेल्या पाण्याने भरून ठेवा. दुपारपर्यंत दीड बाटली संपली का, हे मुलांनी पाहावे. लघवी गडद पिवळी झाली म्हणजे पाणी कमी पडते आहे. आणि हो, नळाला पाणी आले म्हणून हंडे उचलायचे काम महिना-दीड महिना दुसऱ्याचे. सोडा, कोल्ड्रिंक बंद. दारू बंद. तंबाखू आणि मिश्रीही बंद, कारण त्याने आतली जखम भरत नाही.

गल्लीतल्या दवाखान्यात जाताना ऑपरेशनची फाईल बरोबर न्या. अंगदुखीसाठी जी नेहमीची गोळी किंवा इंजेक्शन देतात, त्यातल्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या औषधांनी, विशेषतः बायपासनंतर, आत अल्सर होतो. दुखले तर काय घ्यायचे ते सर्जनला विचारून ठेवा. दुसरे, दोन-तीन दिवस उलट्या थांबत नसतील तर शरीरातले बी-१ जीवनसत्त्व संपत येते. अशा वेळी नुसते ग्लुकोजचे सलाईन चढवले तर मेंदूला इजा होऊ शकते. आधी बी-१ द्यावे लागते. हे डॉक्टरांना सांगायला लाजू नका. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या जुन्या गोळ्या जुन्याच मात्रेत चालू ठेवल्या तर चक्कर येऊन पडायला होते. त्यांची मात्रा रुग्णालयातूनच बदलून घ्या. ताप, पोटात वाढत जाणारी कळ, डाव्या खांद्यात दुखणे, दम लागणे, बसल्या जागी नाडी सतत १०० च्या वर, किंवा एका पोटरीला सूज : यातले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. जिथे ऑपरेशन झाले तिथे त्याच रात्री जा.

वर्षावासात आपल्याकडे पौर्णिमेला उपोसथ धरतात, दुपारनंतर जेवत नाहीत. या काळात तो धरू नका. दुपारनंतरच्या तीन वाट्या आणि पाऊण लिटर पाणी बुडते. विहारात वंदनेला जरूर बसा. वैशाख पौर्णिमेच्या खीरदानातली खीरही पहिल्या वर्षी एखादा चमचाच. विशेषतः बायपास झालेल्यांनी वाटीभर गोड खाल्ले तर छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात मुरडा येतो.

गोळ्यांचे शेवटी सांगतो, पण त्या जन्मभराच्या आहेत : लोह, कॅल्शियम, बी-१२ आणि इतर जीवनसत्त्वे. वजन उतरले की लोक पहिल्यांदा त्याच सोडतात. दीड वर्षापर्यंत दिवस राहू देऊ नयेत, आणि वजन उतरल्यावर दिवस लवकर राहतात, म्हणून तरुण मुलींनी पाळणा लांबवण्याची सोय आधीच विचारून ठेवावी. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, दोन तासांचे अंतर ठेवा. लोहाची गोळी चहाबरोबरही नको.