नमुना सही

गारगोटीच्या शाखेत मी अधिकारी होतो. लग्नाला सात वर्षे झाली, घरात पाळणा हलला नव्हता. आईने सुनेला भुदरगड तालुक्यातला एकही देव चुकवू दिला नाही. सोमवार तिचे, नवस तिचे, टोमणेही तिलाच. ‘वांझ’ हा शब्दच आपण बाईसाठी राखून ठेवला आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी ‘आधी यजमानांना तपासू’ म्हटले, तेव्हा ‘रजा मिळत नाही’ म्हणून मी दोन वर्षे काढली. शेवटी तपासणी झाली. दोष माझ्यात निघाला. परतीच्या एस.टी.त ती एक शब्द बोलली नाही.

परवा पायआरएनएविषयी वाचले आणि ती एस.टी. आठवली.

आपल्या जनुकसंचाचा जवळजवळ निम्मा भाग उड्या मारणाऱ्या जनुकांचा आणि त्यांच्या अवशेषांचा आहे. बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक यांनी अशी जनुके मक्यात शोधली; त्यासाठी त्यांना १९८३ साली नोबेल मिळाले. त्यातली काही स्वतःच्या नकला करून भलतीकडे घुसतात. बीजपेशीत असे झाले, तर पिढीचाच हिशेब बिघडतो. तिथे राखणीला असतात आरएनएचे चिमुकले तुकडे, जेमतेम २४ ते ३१ अक्षरांचे. प्रथिन घडवणे हे त्यांचे काम नव्हे. सस्तन प्राण्यांत ते २००६ साली उंदराच्या वृषणात सापडले.

बँकेत आम्ही नमुना सहीचे कार्ड ठेवत असू. हे तुकडेही तसेच, पिवी नावाच्या प्रथिनाच्या हातातले. फरक एवढाच की, आमच्याकडे सही जुळली की चेक पास. इथे जुळली की चोर सापडला! पिवी त्याला कापते, किंवा त्याचे तोंड बंद करते.

या कुळातले मिवी हे प्रथिन उंदरातून काढून टाकले, तर नराच्या शुक्रपेशींची वाढ अर्ध्यावर थांबते. मादीला मात्र पिले होतात. हे २००२ सालीच दिसले होते. २०२१ साली, वीर्यात शुक्राणूच नसलेल्या काही पुरुषांत, हे तुकडे छाटून नीट करणाऱ्या जनुकातच दोष आढळला.

माझे कारण हेच होते का, ते आता कळायचे नाही. आम्ही मुलगी दत्तक घेतली. ती आज दोन लेकरांची आई आहे. हे सारे बायकोला वाचून दाखवले, तर ती म्हणाली, “एवढ्या बारक्यापायी माझे इतके सोमवार गेले व्हय?”

मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो. वीर्यतपासणी साधी असते, एका सकाळीची. मी ती दोन वर्षे टाळली. तुम्ही टाळू नका.