आकडा बदलला, आवाज बदलला का?

वस्तूचे नाव बदलले की तिचा गुणही बदलतो, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. कारखाना तोच, माल तोच. पण जुन्या छापाचा डबा हाती आला की आपल्याला हायसे वाटते. ही समजूत किती महागात पडू शकते, हे पाहायचे असेल तर विजेवरच्या गिटारच्या अँप्लिफायरची हकिकत ऐकावी.

माझी बहीण येलदरीला, पूर्णा नदीवरच्या धरणाजवळ राहते. तिचा मुलगा पुण्यात गिटार वाजवतो. गेल्या दिवाळीच्या सुटीत तो दोन भलीजड खोकी घेऊन घरी आला. एकावर 5150 हा आकडा, दुसऱ्यावर 6505. पहिले मित्राचे, दुसरे त्याचे स्वतःचे. आपले विकून, वर शिलकीतले पैसे घालून, मित्राचे घ्यायचे असा त्याचा बेत होता. "मामा, जुन्याचा आवाजच निराळा आहे," तो म्हणाला. बहिणीला मात्र त्या शिलकीची काळजी.

हे यंत्र करते तरी काय? धरणाकाठच्या माणसाला ते सहज उमजेल. दरवाजा हलवायला जोर थोडा लागतो. पण त्यातून सुटणारा लोंढा केवढा! गिटारच्या तारेतून निघणारा विजेचा स्पंद असाच क्षीण असतो. काचेच्या व्हॉल्व्हमध्ये तो दरवाज्यावरच्या हाताचे काम करतो आणि मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमीजास्त होतो. त्या प्रवाहाने पुढच्या व्हॉल्व्हचा दरवाजा हलवायचा, त्याने त्याच्या पुढचा. अशा पायऱ्या वाढत गेल्या की लाट आवाक्याबाहेर जाते, तिचा माथा छाटला जातो आणि स्वर दाट, करकरीत होऊन लांबवर टिकतो. पूर्वी यंत्रज्ञ याला दोष म्हणत. रॉक वादकांनी त्याचेच भूषण केले.

5150 हे अमेरिकेतील पीव्ही कंपनीने एडी व्हॅन हेलन या विख्यात वादकासाठी 1992 साली बाजारात आणले. त्यात पाच लहान व्हॉल्व्ह, चार मोठे, आणि शक्ती 120 वॅट. आकडा एडीच्या स्टुडिओच्या नावावरून घेतलेला. आणि ते नाव कॅलिफोर्नियाच्या कायद्यातील एका कलमावरून. मनोरुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध निरीक्षणाखाली ठेवण्याचे ते कलम! 2004 साली वादक आणि कंपनी यांची फारकत झाली. नाव वादकाबरोबर गेले, यंत्र कंपनीकडे राहिले. कंपनी 1965 सालची. 2005 साली तिला चाळीस वर्षे झाली, म्हणून त्याच यंत्राला 6505 म्हटले गेले. एडीने 2007 मध्ये फेंडर कंपनीच्या साहाय्याने काढलेले तिसरे 5150 मात्र खरोखरच वेगळ्या रचनेचे आहे.

मग भाच्याच्या कानाला भास होत होता का? आम्ही दोन्ही खोक्यांवर चादर टाकली. स्पीकर एकच ठेवला आणि मोबाईलवरच्या मापकाने दोघांचा आवाज सारखा केला. कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक गोड वाटतो. खोके बदलताना दर वेळी वीज बंद. आणि काय सांगावे, भाच्याने बहुतेक वेळा जुने बरोबर ओळखले!

बहिणीचा चेहरा उतरला. पण भाचा प्रामाणिक. यंत्रे निवू दिल्यावर त्याने दोन्हींतले व्हॉल्व्ह काढून एकमेकांत बदलले आणि परीक्षा पुन्हा घ्यायला सांगितली. आता तो 6505 लाच जुने म्हणू लागला. आवाज व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या खोक्यात गेला होता!

खोके विकण्याचा बेत राहिला. व्हॉल्व्हचा नवा संच आला आणि उरलेली शिल्लक शाबूत राहिली.

एडी 2020 साली गेला. त्याची सही असलेल्या जुन्या खोक्याचे मोल चाहत्याला वाटणारच, आणि त्यात गैर काही नाही. ज्याला परवडते त्याने ते आनंदाने द्यावे. फक्त आपण आठवण विकत घेतो आहोत की आवाज, एवढे आधी चादर टाकून पाहावे.